एनआयई काढून देणारी हेस्तोरिया: पैसे नक्की कशाचे?

आधी निकाल सांगते, मग पुराण. स्पेनमध्ये घर घ्यायचं तर परदेशी माणसाला एक ओळख क्रमांक लागतो. त्याला एनआयई म्हणतात. तो काढण्यासाठी आम्ही नवरा-बायकोनं आलिकान्ते शहरातल्या एका हेस्तोरियाची मदत घेतली. पाचपैकी साडेतीन तारे. काम चोख, हिशेब गबाळा, आणि नको असलेल्या सेवा गळ्यात मारायची हौस जरा जास्तच. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. शिवाय आलिकान्ते प्रांतात घरं घेणारे परदेशी इतके आहेत की अशी दुकानं तिथे पावलोपावली दिसतात. एका दुकानाचं नाव कळण्यापेक्षा दुकान निवडताना काय बघायचं ते कळलेलं बरं.

हेस्तोरिया म्हणजे सरकारी कागदांची कामं करून देणारं कार्यालय. पाटी कोणीही लावतं, पण 'हेस्तोर अद्मिनिस्त्रातिवो' हा रीतसर परवान्याचा व्यवसाय आहे. त्यांची व्यावसायिक संघटना असते आणि प्रत्येकाला सदस्य क्रमांक असतो. तो विचारायचा. आमच्यांनी विचारताक्षणी दिला, भिंतीवर लावलेलाही होता. मात्र हेस्तोर म्हणजे वकील नव्हे. घरावर कर्ज आहे का, जप्ती आहे का, विकणारा खरा मालक आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. त्यासाठी आमचा वकील वेगळा होता, आणि त्याच्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

आता हा क्रमांक कशाला लागतो ते थोडक्यात. स्पेनमध्ये घराचं खरेदीखत नोतारिओसमोर, म्हणजे तिथल्या नोटरीसमोर, होतं आणि मग मालमत्ता नोंदणी कार्यालयात त्याची नोंद होते. २००६ साली करचुकवेगिरी रोखायला तिथे एक कायदा आला. तेव्हापासून खतात दोन्ही पक्षांचे कर क्रमांक नसतील तर नोंदणी होतच नाही. परदेशी माणसाचा एनआयई हाच त्याचा कर क्रमांक. म्हणजे पैसे तयार, घर पसंत, विकणारा खूश, आणि क्रमांक नाही, तर सगळं तिथेच अडतं. घर दोघांच्या नावावर असेल तर क्रमांकही दोन, नवऱ्याच्या क्रमांकावर बायकोचं भागत नाही. आणि एनआयई म्हणजे व्हिसा नव्हे, राहण्याचा परवाना तर नव्हेच. घर तुमचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर तिथे राहायला शेंगेन व्हिसा लागतो, आणि १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादाही सुटत नाही.

क्रमांक वेळेवर नसणं नेमकं कुठे नडतं? 'आरास'मध्ये. हा इसाऱ्याचा करार, त्यात साधारण किमतीच्या दहा टक्के रक्कम आधी द्यायची. तो पासपोर्ट क्रमांकावरही होतो, म्हणून लोक निर्धास्तपणे सही करून मोकळे होतात. पण त्यात खरेदीखताची शेवटची तारीख असते. स्पॅनिश नागरी संहितेच्या कलम १४५४ प्रमाणे केलेला इसारा असेल, तर घेणारा मागे फिरला की इसारा बुडतो आणि विकणारा मागे फिरला तर त्याला दुप्पट द्यावा लागतो. तारीख उलटली आणि तुमचा एनआयई आलेला नाही, यात विकणाऱ्याचा काय दोष? आमच्या वकिलानं करारात 'एनआयई मिळेपर्यंत मुदत वाढेल' असं एक वाक्य घालून घेतलं. ते सुचवलं मात्र हेस्तोरियानं, फुकटात. हा त्यांचा पहिला गुण.

अर्ज स्वतः करता येतो का? येतो. ईएक्स-१५ नावाचा फॉर्म, संपूर्ण पासपोर्टच्या प्रती, क्रमांक कशासाठी हवा त्याचा पुरावा, म्हणजे आमच्या बाबतीत इसाऱ्याचा करार, आणि '७९० कोदिगो ०१२' या चलनानं भरलेलं सरकारी शुल्क. आम्ही गेलो तेव्हा ते ९.८४ युरो होतं. बस्स. ज्यांना स्पेनला जायचंच नाही ते आपल्या भागातल्या स्पॅनिश वकिलातीतून अर्ज करू शकतात, किंवा तिथल्या कोणाला मुखत्यारपत्र देऊ शकतात. मुखत्यारपत्र भारतात नोटरीसमोर केलं तर त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्तील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून केलेलं प्रमाणीकरण, लागतं, आणि मग स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयानं मान्यता दिलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. वकिलातीत कॉन्सलसमोरच केलं तर ही अपोस्तीलची पायरी गळते. आम्हाला घर बघायला जायचंच होतं, म्हणून आम्ही तिथे जाऊन अर्ज करायचं ठरवलं.

मग हेस्तोरियाला पैसे कशाला? माझाही हाच प्रश्न होता. मी हिशेब तपासणीच्या कामात आयुष्य काढलं आहे. नऊ युरो चौऱ्याऐंशी सेंटच्या कामाला माणशी दीडशे युरो द्यायचे म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिलं उत्तर म्हणजे 'सीता प्रेव्हिया', पोलिस कार्यालयातली वेळ. ही सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते, म्हणजे मिळायला हवी. प्रत्यक्षात पान उघडलं की 'सध्या वेळा उपलब्ध नाहीत' एवढंच झळकतं. वेळा सुटल्या रे सुटल्या की सॉफ्टवेअर लावून त्या अडवायच्या आणि गरजूंना विकायच्या, असा धंदा तिथे चालतो. स्पेनच्या पोलिसांनी अशा टोळ्या पकडलेल्याही आहेत. म्हणून मी हेस्तोरियात सरळ विचारलं, तुमच्याकडे वेळा येतात कुठून? त्यांनी सांगितलं की सकाळी त्यांचा माणूस संकेतस्थळावर बसतो, वेळ अर्जदाराच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर घेतो, आणि पावती अर्जदाराला पाठवतो. तशी ती आलीही, आम्हा दोघांची वेगवेगळी. पावतीवर आमचेच पासपोर्ट क्रमांक होते आणि हवं तर वेळ रद्द करायचा संकेतांकही. तुमच्या हातात अशी पावती पडत नसेल, नुसतं 'या, होईल काम' असं कोणी म्हणत असेल, तर तिथून उठावं.

पण खरी किंमत वसूल झाली ती नावाच्या रकान्यात. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या नावांचं त्या फॉर्मशी जमता जमत नाही.

ईएक्स-१५ वर पहिलं आडनाव, दुसरं आडनाव आणि नाव असे तीन रकाने आहेत. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं, एक आईकडचं. आपल्याकडे तीन शब्दांचं नाव, पण मधला शब्द आडनाव नव्हे. तीन रकाने, तीन शब्द, बघणाऱ्याला वाटतं बसलं बरोबर! आमच्या घराच्या एजन्सीनं इसाऱ्याच्या करारात नेमकं हेच केलं होतं. माझ्या पासपोर्टात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे. एजन्सीनं नवऱ्याचं नाव माझं पहिलं आडनाव केलं आणि खरं आडनाव दुसऱ्या आडनावाच्या जागी ढकललं. नवऱ्याच्या बाबतीत हीच करामत माझ्या सासऱ्यांच्या नावानं केली. कागदावर आम्ही दोघं वेगवेगळ्या आडनावांची, एकमेकांशी संबंध नसलेली माणसं झालो होतो.

हेस्तोरियातल्या काउंटरवर तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी होती. तिनं पासपोर्ट उघडून टेबलावर सपाट केला आणि वरच्या छापील रकान्यांकडे बघितलंच नाही. एक पट्टी घेतली आणि फोटोच्या पानाच्या तळाशी ज्या दोन यंत्राच्या ओळी असतात, त्यांतल्या पहिलीखाली धरली. दोन्ही ओळींत ४४-४४ खुणा असतात. पहिली ओळ 'पी'नं सुरू होते, मग देशाची तीन अक्षरं, मग आडनाव, मग दोन कोनासारख्या खुणा जोडीनं, मग नाव, एक खूण, आणि मधलं नाव. तिनं पेन्सिलीचं टोक त्या जोडखुणेवर टेकवलं. याच्या डावीकडचं सगळं पहिलं आडनाव, उजवीकडचं सगळं नाव, दुसऱ्या आडनावाच्या रकान्यात रेघ. संपला विषय. मग तिनं एजन्सीचा करार मागितला, शेजारी ठेवला, तोंडानं 'च्च' केलं आणि तिथल्या तिथे एजन्सीला फोन लावला. दोन नावं दुरुस्त केल्याचं जोडपत्र एजन्सीकडून सह्यांसह येईपर्यंत तिनं आमचा अर्ज पुढे सरकवला नाही.

तेव्हा मला वाटलं, एवढं काय. नंतर कळलं. एनआयईच्या प्रमाणपत्रावर फोटो नसतो. नाव, जन्माचा तपशील, राष्ट्रीयत्व आणि क्रमांक असलेला तो एक साधा पांढरा कागद आहे. त्याला किंमत येते ती पासपोर्टशेजारी ठेवल्यावर, आणि तीही दोन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं तर. नोतारिओ नाव पासपोर्टवरून घेतो, बँक प्रमाणपत्रावरून, करखातं त्याच्या नोंदीवरून. तीन ठिकाणी तीन तऱ्हा झाल्या की दुरुस्तीसाठी पुन्हा वेळ, पुन्हा रांग. आमच्याच एका ओळखीच्या कुटुंबात प्रमाणपत्रावर बापाचं नाव आडनाव होऊन बसलं आणि बँक खातं उघडेना. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे त्यांनी तर हा प्रश्न तिकीट काढण्याआधी सोडवून घ्यावा.

फॉर्ममधले आणखी दोन सापळे तिनं न विचारता दाखवले. लिंगाच्या रकान्यात एच म्हणजे पुरुष आणि एम म्हणजे बाई. नवऱ्यानं घाईत पेन एमकडे नेलंच होतं. दुसरं म्हणजे वडिलांचं आणि आईचं नाव वेगळं विचारतात. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर ते दोन्ही छापलेलं असतं, तिथून जसंच्या तसं उतरवायचं. घरी आईला ज्या नावानं हाक मारतात ते नाही, माहेरचं नाही, तिथे छापलेलं. त्यासाठीच संपूर्ण पासपोर्टच्या प्रती लागतात, कोरी पानंसुद्धा. व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का असलेलं पान त्यात हवंच, कारण देशात कायदेशीर आलात का हे अर्ज घेणारा बघतो.

कारणाच्या जागी आर्थिक, व्यावसायिक आणि सामाजिक असे तीन पर्याय असतात. घरखरेदीला आर्थिक. पुढे एका ओळीत काय ते लिहायचं. तिनं 'घरखरेदी' एवढंच न लिहिता घराचा पत्ताही लिहिला. का, तर काउंटरवरचा पोलिस प्रश्न कमी विचारतो.

शुल्क भरणं हा वेगळाच प्रकार. चलन संगणकावर भरून छापायचं, एकाच कागदाच्या तीन प्रती निघतात: कार्यालयाची, आपली आणि बँकेची. मग बँकेत जायचं, आणि बऱ्याच शाखा असली चलनं ठरावीक दिवशी, सकाळच्या ठरावीक वेळातच रोखीनं घेतात. आम्हाला हेस्तोरियानं दोन चौक पलीकडच्या शाखेतल्या यंत्राकडे पाठवलं. त्याला चलनावरचा बारकोड दाखवला, पैसे टाकले, शिक्क्याऐवजी छापील पावती आली. सोबत त्यांचा एक पोरगा दिला होता. तो नसता तर त्या यंत्राशी माझं भांडण झालं असतं.

पोलिस कार्यालयाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दारात यादीशी नाव जुळवतात, आत टोकन, मग खुर्ची. सोबत आलेल्या मुलीला टेबलापर्यंत येऊ दिलं. पोलिसानं कागद क्रमानं मागितले आणि ते क्रमानंच लावलेले होते. कागदांच्या डोक्याला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ही तिची सवय मला फार आवडली. शेजारच्या टेबलावर एक जोडपं पिशवीतून कागद उपसत होतं आणि पोलिसाचा चेहरा उतरत चालला होता.

प्रमाणपत्र हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते शेवटचं अक्षर तपासण्याचं. सवय जात नाही. एनआयईच्या सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात अंक आणि शेवटी एक तपासणी अक्षर असतं. पूर्वी सगळे एक्सनं सुरू व्हायचे, २००८ पासून वाय आला. एक्सच्या जागी ०, वायच्या जागी १, झेडच्या जागी २ ठेवायचे, जो आठ अंकी आकडा होईल त्याला २३ नं भागायचं आणि जी बाकी उरेल तिला ठरलेलं एक अक्षर आहे. नमुन्याला एक्स-१२३४५६७ घ्या. १२३४५६७ ला २३ नं भागलं की बाकी १९, आणि १९ ला एल. म्हणून एक्स-१२३४५६७-एल. हेच सात अंक वायनं सुरू केले तर बाकी १० आणि अक्षर एक्स. कोणी क्रमांक फोनवर सांगितला, चुकून दोन अंक उलटसुलट झाले, तर हे अक्षर लगेच चुगली करतं. हेस्तोरियाच्या मालकाला मी हे कागदावर करून दाखवलं तर तो म्हणाला, यासाठी संकेतस्थळ आहे, बाई. असेल.

आता तक्रारी.

पहिली बिलाची. ठरलं होतं माणशी १५० युरो अधिक २१ टक्के आयव्हीए, म्हणजे तिथला मूल्यवर्धित कर. दोघांचे ३०० आणि त्यावर ६३, झाले ३६३. आणि सरकारी शुल्क वेगळं. बिल आलं ते जास्त, कारण त्यांनी शुल्काचे पैसे 'मानधन' या सदरात टाकून त्यावरही आयव्हीए लावला होता. माझ्या वतीनं भरलेलं सरकारी शुल्क हे माझंच देणं, त्यावर कर लागत नाही. ते 'सुप्लिदो' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचं असतं. आणि इथे तर त्यांनी भरलंही नव्हतं, यंत्रात पैसे मी टाकले होते! रक्कम किरकोळ होती, पण मी ती सोडली नाही. दाखवल्यावर त्यांनी निमूटपणे नवीन बिल काढलं. न दाखवता काढलं असतं का, हा प्रश्न राहतोच. सुरुवातीला 'प्रोव्हिसिओन दे फोन्दोस' म्हणून जी उचल घेतात तिचा हिशेब शेवटी ओळीओळीनं मागून घ्या. आमची थोडी रक्कम परत येणं होती. ती आली, पण दोनदा आठवण केल्यावर.

दुसरी माहितीपत्रकाची. काउंटरवर गुळगुळीत कागदाचं एक पत्रक होतं. त्यात ५ लाख युरोंचं घर घेतल्यावर निवासाचा परवाना मिळतो असं अजून छापलेलं. ही सोय २०१३ च्या कायद्यानं आली होती आणि ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. आम्ही गेलो ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. मालक म्हणाला, जुनी पत्रकं संपवतोय. त्या पत्रकावर विसंबून कोणी घराचं बजेट वाढवलं तर? आमचं घर तसंही त्या किमतीच्या जवळपासही नव्हतं, पण शेजारी बसलेले एक गृहस्थ ते पत्रक फार लक्ष देऊन वाचत होते. मी त्यांना सांगितलं. मालकाला ते आवडलेलं दिसलं नाही.

तिसरी तक्रार गळ्यात मारण्याची. मालमत्तेच्या नोंदीचा उतारा, ज्याला 'नोता सिंप्ले' म्हणतात, तो नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ९.०२ युरो अधिक कर एवढ्यात कोणालाही मिळतो. इथे तो ४५ युरोंना देऊ केला. शिवाय बँक खातं उघडून देणे, वीज-पाणी नावावर करणे, वार्षिक कर भरणे, यांचं एक पॅकेज. यातलं वीज-पाणी मला पटलं, कारण फोनवर स्पॅनिशमध्ये वाद घालणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. वार्षिक कराचं मात्र मी घेतलं नाही. अनिवासी मालकाला घर भाड्यानं दिलेलं नसलं तरी दरवर्षी 'मोदेलो २१०' हा कराचा फॉर्म भरावा लागतो. घराच्या सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के हे मानीव उत्पन्न धरतात, आणि युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला त्यावर २४ टक्के कर. आकडेमोड एका ओळीची आहे. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पैसे द्यावेत, पण हा कर असतो हे विसरू नये, कारण स्मरणपत्र येईलच असं नाही.

पत्रव्यवहाराच्या पत्त्याचंही बघा. अर्जावर सूचना पाठवायचा पत्ता म्हणून त्यांनी स्वतःच्या कार्यालयाचा टाकला होता. अर्जापुरतं ठीक. पण करखात्याकडे तोच पत्ता राहिला तर उद्या पत्रं त्यांच्याकडे जाणार आणि तुमचं त्यांच्याशी नातं कायमचं जुळणार. घर ताब्यात आल्यावर 'मोदेलो ०३०' हा करखात्याचा फॉर्म भरून पत्ता बदलता येतो. हे मला वकिलाकडून कळलं. हेस्तोरिया याबाबत गप्प होती.

उलट एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली आणि तीही आमच्या कामाची नसताना. आम्ही आधी शहराबाहेरचं, शेतजमिनीतलं एक घर बघितलं होतं. ते नौदलाचा तळ असलेल्या कार्ताहेना शहराच्या बाजूला, प्रांताच्या दक्षिणेकडे होतं. स्पेनमध्ये १९७५ च्या एका कायद्यामुळे बेटं, सीमावर्ती पट्टे आणि नौदलाच्या काही तळांभोवतीचा भाग इथे युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला ग्रामीण जमीन घ्यायला लष्कराची परवानगी लागते. ती यायला महिने जातात, आणि तिच्याशिवाय नोंदणी होत नाही. शहरातल्या फ्लॅटला हा प्रश्न येत नाही. एजन्सीनं आम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि ते घर तर फार जोरात दाखवलं होतं.

खरेदीखताच्या दिवशी तीच मुलगी दुभाषी म्हणून आली. त्याचे पैसे वेगळे, आधी ठरलेले. घेणाऱ्याला स्पॅनिश येत नसेल तर खताचा मजकूर त्याला कळला हे नोतारिओला बघावं लागतं, म्हणून दुभाषी किंवा दोन भाषांतलं खत. नोतारिओनं आमचे पासपोर्ट आणि एनआयईची प्रमाणपत्रं शेजारी शेजारी ठेवली, बोट फिरवलं, मान हलवली, पुढे गेला. त्याचं ते बोट आडनावावर अडखळलं नाही, यासाठीच मी ते दीडशे युरो मोजले होते असं आता म्हणते. त्यानं विचारलेला एकच अनपेक्षित प्रश्न लग्नाचा होता: तुमच्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात की वेगळी? परदेशी जोडप्याच्या बाबतीत खतात 'त्यांच्या देशाच्या वैवाहिक कायद्याला अधीन' अशा अर्थाची नोंद करायची सोय आहे, तशी ती झाली. मुलीनं आधी सांगून ठेवलं असतं तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो नसतो. अर्धा तारा इथे कापला.

घरखरेदीचा कर, म्हणजे जुन्या घरावरचा हस्तांतर कर, आलिकान्ते ज्यात येतं त्या वालेन्सिया स्वायत्त प्रदेशात आम्ही घेतलं तेव्हा १० टक्के होता. तो भरायचं काम वकिलाकडे होतं. एनआयई नसता तर तेही चलन निघालं नसतं.

कोणी घ्यावी ही सेवा? ज्यांना स्पॅनिश येतं, हाताशी वेळ आहे आणि ज्यांचं नाव पासपोर्टवर दोनच शब्दांचं आहे त्यांनी स्वतः करावं, अवघड काही नाही. ज्यांचं नाव आपल्यासारखं तीन शब्दांचं आहे आणि इसाऱ्याची तारीख डोक्यावर आहे त्यांनी घ्यावी, पण फक्त एनआयईपुरती. पॅकेज नको म्हणावं आणि बिल ओळीनं तपासावं.

नवऱ्याचा पासपोर्ट लवकरच संपतोय, म्हणून परवा हेस्तोरियाला व्हॉट्सॲपवर विचारलं की क्रमांक बदलतो का. दोन दिवसांनी उत्तर आलं: क्रमांक जन्मभर तोच, पण प्रमाणपत्र जुन्या पासपोर्टच्या आधारे निघालंय, तेव्हा बँकेत नवा पासपोर्ट नोंदवा, जुना फेकू नका, पुढे घर विकायला नोतारिओकडे जाल तेव्हा दोन्ही घेऊन जा. याचे पैसे लावले नाहीत.